सहा बोटं रुंद

(आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस. जळगावजवळच्या असोद्यात घरामागच्या निंबाला झोका टांगलेला. झोक्यावर कामिनी, शेजारी पाटावर सांजोऱ्यांचं ताट घेऊन तिची आई सुनंदाबाई.)

कामिनी : आई, हा झोका आहे की दिवाण?

सुनंदाबाई : बस गुमान. तुह्या आबांनं सकायी सकायी बांधला. जुन्या खोलीच्या दाराचा अर्धा पल्ला हाये तो.

कामिनी : तेच म्हणते मी. झाडाला दार टांगलंय. कडी तेवढी लावायची राहिली.

सुनंदाबाई : हास, हास. फेब्रुवारीपासून तुह्याशी शब्द बोलले नाहीत, पन लाकडाले रंधा मारून मारून पार लोनी केलं. पोरीच्या हातात काटा जायाले नको म्हने.

कामिनी : म्हणे कुणाला? तुलाच ना? सकाळी मी विचारलं, "आबा, रस वाढू?" तर तुझ्याकडे बघून म्हणाले, "तिले सांग, पुरे." मी वाटी घेऊन त्यांच्या समोर उभी, आणि उत्तर स्वयंपाकघरात!

सुनंदाबाई : मंग तू तो व्हिडिओ कशाले पाठवला? कमरेइतकी बर्फात रुतेल, पाय वाकडा, अन् वरून दात काढू राह्यली!

कामिनी : तुम्ही घाबरू नये म्हणून हसत होते.

सुनंदाबाई : आमी घाबरू नये, का तू?

कामिनी : दोन्ही.

सुनंदाबाई : आबांनं तो तीनदा पाह्यला. मंग फोन पालथा ठेवला अन् केयीच्या बागेत निंघून गेले. जेवाले सुद्धा आले नाहीत. तवापासून असं चालू हाये.

कामिनी : थांब, फोन वाजला. स्कीच्या दुकानवाल्या रशीद उस्तादांचा आवाजी निरोप आलाय, गुलमर्गहून.

सुनंदाबाई : नंतर आईक ना! सांजोरी गरम हाये, खाऊन घे पहिले.

कामिनी : सांजोरी कुठे पळतेय? आई, उस्ताद आज संध्याकाळी दुकान बंद करून उन्हाळ्यासाठी त्यांच्या गावी चाललेत. माझ्यासाठी बर्फावर घसरायच्या पट्ट्यांच्या तीन जोड्या बाजूला ठेवल्यात त्यांनी. त्यातली कुठली घेते ते त्यांना आजच सांगायचंय.

सुनंदाबाई : तीन? पट्टी ती पट्टी. तिच्यात काय निवडाचं? लुगडं हाये का ते, काठ पाह्याले?

कामिनी : काठच पाहायचा असतो! ऐक. एक जोडी अरुंद, बुटाखाली चार बोटं रुंद. एक मधली, पाच बोटं. आणि एक रुंद, चांगली सहा बोटं.

सुनंदाबाई : फक्त बोटाबोटाचा फरक?

कामिनी : बोटाचाच. पण तुला आपल्या जुन्या खोलीतला कापूस आठवतो? वेचणी झाली की छतापर्यंत ढीग लागायचा, आणि आम्ही पोरं माळ्यावरून त्यात उड्या टाकायचो.

सुनंदाबाई : आठवत नाही व्हय! नाकात, कानात, केसात बठ्ठा कापूस. रात्री इंचरता इंचरता माहे हात दुखायचे.

कामिनी : ताजा पडलेला बर्फ तसाच असतो. पांढरा, हलका, आत हवाच हवा. त्यावर अरुंद पट्टी घेऊन गेलं की ती सुरीसारखी खाली जाते. रुंद पट्टी वर तरंगते, होडीसारखी.

सुनंदाबाई : मंग झालं की! रुंदच घ्याची. आईक माहं, रुंदच घे. रुंद लय चांगली.

कामिनी : तुला एवढी घाई का झालीय गं?

सुनंदाबाई : मले? मले कशाची घाई? मी आपली बोलू राह्यली.

कामिनी : पण रोज कापूस पडत नाही तिथे. चार दिवस ऊन लागलं आणि वरून लोक घसरत राहिले की तोच बर्फ खळ्यासारखा कडक होतो. दुपारी वरचा थर विरघळतो, रात्री पुन्हा गोठतो, सकाळी काचेसारखा लागतो. झाडांच्या सावलीत मऊ, उघड्यावर टणक, एकाच उतारावर. कडक जागी पट्टी आडवी करून तिच्या पोलादी कडेवर उभं राहायचं असतं. कड बर्फात रुतली तरच वळता येतं, थांबता येतं.

सुनंदाबाई : अन् रुंद पट्टीले कड नसते का?

कामिनी : असते, पण पायापासून लांब. हे बघ, या तुझ्या दारावरच दाखवते. मी मधोमध उभी आहे. आता कडेवर तोल देते... बघ, वळतंय का?

सुनंदाबाई : पडशीन गं! दोर धर!

कामिनी : धरलाय. कळलं का, एवढं रुंद लाकूड एका कडेवर तोलायला सगळा जोर कुठून लावावा लागला?

सुनंदाबाई : गुडघ्यातून.

कामिनी : गुडघ्यातून. आणि माझा डावा गुडघा फेब्रुवारीत फिरला होता.

सुनंदाबाई : तो बरा झाला ना पन? खरं सांग.

कामिनी : झाला. डॉक्टरांनी हो म्हटलंय. पण दिवसभर सहा बोटं रुंद पट्टी कडक बर्फावर वळवायची तर तो कुरकुरणार. आणि आई, आम्ही बचाव पथकवाले. पर्यटकांसारखं "आज मऊ बर्फ पडलाय, चला" असं आमचं नसतं. जिथे माणूस पडला असेल तिथे जायचं, मग तिथे कापूस असो की काच.

सुनंदाबाई : एक विचारू? नाहीच गेली तर? जळगावच्या दवाखान्यातली तुही जागा अजून हाये. नर्स म्हून सारे तुले नाव घेऊन विचारतात.

कामिनी : ती नोकरी वाईट नाही. पण त्या दिवसाचं तुम्हाला मी सगळं सांगितलंच नाही. एक माणूस वाटेवरून खाली गेला होता, झाडांमध्ये. त्याची शिट्टी मला ऐकू येत होती, इथून आपल्या हौदाइतक्या अंतरावरून. आणि मी दुसऱ्याच्या अरुंद पट्ट्यांवर, कमरेपर्यंत रुतलेली. तो शिट्टी वाजवतोय आणि मला पाऊल उचलता येत नाहीये. बाकीच्यांनी त्याला काढलं, मग मला काढलं. तो वाचला. पण शिट्टी अजून ऐकू येते मला.

सुनंदाबाई : माय गं.

कामिनी : आमचे प्रमुख म्हणाले, डिसेंबरात पथकात कायमची जागा आहे. पण उसन्या पट्ट्यांवर पुन्हा बर्फावर यायचं नाही. स्वतःची जोडी घेऊन ये, पाय बरा करून ये. म्हणून आज चूक करून चालणार नाही. आता ऐकू दे मला उस्ताद काय म्हणतात ते.

सुनंदाबाई : कामिनी, आयकाच्या आधी एक सांगू का...

कामिनी : लागलाच आवाज. शू! "...बेटी, मुबारक हो. आपके वालिद साहब का फोन आया था. बोले, सबसे चौड़ी वाली बाँध दो. मैंने बाँध दी. शाम की गाड़ी में रखवा दूँगा..." आई!

सुनंदाबाई : सांजोरी खातीस का?

कामिनी : आई, आबांनी फोन केला? आबांनी? उस्तादांना?

सुनंदाबाई : मी नंबर दिला. तुह्या फोनातून. काल तू न्हाले गेल्ती तवा. मले म्हने, "त्या मानसाचा नंबर दे, पोरगी मले विचारनार नाही." मी म्हटलं, तुमी बोलसान तर ती विचारीन ना! ते नंबर घेऊन निंघाले. हौदाच्या मांगे जाऊन लय वेळ हिंदीत बोलू राह्यले.

कामिनी : आबा हिंदीत?

सुनंदाबाई : बोंबाबोंब केली नुसती. "चौडा! चौडा! और चौडा!" शेजारच्या कुंदाबाईनं विचारलं, हेमराजभाऊ खाट घेऊ राह्यले का म्हून.

कामिनी : मी हसू की रडू, मला कळत नाहीये.

सुनंदाबाई : ते आलेच पाह्य बागेतून. मी आत जाते. पोया राहिल्या.

कामिनी : बस इथेच! कुठेही जायचं नाही. आबा!... आबा, रशीद उस्तादांना तुम्ही फोन केलात?

हेमराज : सुनंदा, तिले सांग...

सुनंदाबाई : मी काही सांगनार नाही. माहा घसा बसला तुमचे निरोप पोचवून. तुमची पोरगी समोर उभी हाये, तिलेच सांगा.

हेमराज : ...केला फोन.

कामिनी : सहा बोटं रुंद?

हेमराज : त्याच्याहून रुंद असती तर तीबी घेतली असती. काया मातीत ट्रॅक्टर रुतला म्हंजे चाकाखाली काय टाकतो आपन? केयीचे खांब. जितके रुंद, तितकं चाक वर. मले बर्फातलं काही समजत नाही, पन रुतनं समजतं.

कामिनी : बरोबर आहे तुमचं. मऊ बर्फात तेच खरं. पण आबा, ट्रॅक्टर सडकेवर आल्यावर ते खांब तुम्ही चाकाला बांधून ठेवता का?

हेमराज : ...सडकेवर कशाले बांधू?

कामिनी : तिथे निम्मी सडक आहे आणि निम्मं वावर. एकाच उतारावर दोन्ही. गाडी थांबवून चाकं बदलता येत नाहीत. मला दोन्हीकडे चालेल अशी मधली हवी. पाच बोटांची, टोकाला नाक वर उचललेली. ते नाक मऊ बर्फात शिरत नाही, वर येतं.

हेमराज : अन् तिच्यानं रुतनार नाहीस?

कामिनी : थोडी रुतेन. घोट्यापर्यंत.

हेमराज : कमरेपर्यंत नाही?

कामिनी : नाही आबा. खोटं सांगत नाही तुम्हाला.

हेमराज : तू लहान असतानी कापसाच्या ढिगात गेल्ती. तुले आठवत नसीन. वरून उडी मारली अन् ढीग तुह्यावर आला. नुसती वेनीची लाल रिबीन वर दिसत व्हती. मी दोन्ही हातांनी कापूस उपसला, येड्यासारखा. तू बाहेर निंघाली अन् हासली. त्या व्हिडिओत हासली ना, तस्सीच.

कामिनी : मला हे कुणी सांगितलंच नाही.

हेमराज : काय सांगाचं त्याच्यात? तवा मी अठीच व्हतो, ढिगापाशी. तठी कोन हाये? पाह्यता पाह्यता मले वाटे, फोनात हात घालावा.

कामिनी : आबा, तिथे तुमच्या जागी मी असते.

हेमराज : म्हंजे?

कामिनी : म्हणजे कुणाची तरी पोरगी ढिगात जाते, आणि तिचा बाप शेकडो कोसांवर असतो, फोन हातात धरून. तेव्हा दोन्ही हातांनी उपसणारी मी असते. त्या दिवशी मला पोचता आलं नाही. डिसेंबरात पोचायचंय.

सुनंदाबाई : घ्या. आता बोला.

हेमराज : ...सुनंदा, माहा फोन कुठी हाये?

सुनंदाबाई : तुमच्याच खिशात. वाजवा, गाडी निंघाच्या आत वाजवा!

हेमराज : हॅलो... उस्ताद? हां, मैं असोदा से. कामिनी का आबा. वो चौडी वाली खोल दो... हां हां, खोल दो, रस्सी काट दो. बीचवाली बाँधो. पाँच उंगली. नाक ऊपर वाली... नहीं नहीं, मेरी गलती. पाँव उसका है ना, तो उसने बोला वही... क्या?... अच्छा. अच्छा. मेहरबानी.

कामिनी : काय म्हणाले?

हेमराज : म्हने, "मैंने तो पहले ही बीचवाली निकाल के रखी थी, आपके सामने बोलने की हिम्मत नहीं हुई."

सुनंदाबाई : एवढा आरडाओरडा केल्यावर कोनाची हिंमत व्हईन!

कामिनी : आबा, आणि हे दार? झोक्याचं? यावर उभं राहून झोका चढवता येत नाही हो. सहा बोटं कसली, सहा विती आहे.

हेमराज : रंध्यानं दोन्हीकून उतरवू का थोडं?

कामिनी : राहू द्या. आज याच्यावर बसणारच आहे मी. उभं राहायचं ते डिसेंबरात.

सुनंदाबाई : बसा, बसा. माहं बाई गानं जुळलं:

झोका निंबाच्या फांदीचा, गेला आभायाच्या दारी,
लेक बसली झोक्यात, बाप उभा गं माघारी.

कामिनी : हे कुठलं? झोक्याच्या गाण्यात भाऊ येतो, माय येते. बाप कधी ऐकला नव्हता.

सुनंदाबाई : कसा येईन? इतक्या आखाज्या गेल्या, हे झोका बांधून देतात अन् पाठ फिरवून वावरात जातात. आज पह्यल्यांदा थांबले, म्हून आले गान्यात.

हेमराज : बस कामिनी. दोर नीट धर. मी मांगून लोटतो.

कामिनी : तुम्ही? हळू हं आबा.

हेमराज : तू सांगशीन तितकंच लोटीन. किती उंच, ते तू सांगजो.