सासऱ्याचं रॉकेट, जावयाचं बटण

टाळ ठेवा खाली. अभंग झाला, गळा तापला, आता डोकं तापवू. मंडळी, एक सांगा — ज्याच्यावर माया आहे, त्याचं सगळं पोटात घालावं का? पुढच्या रांगेतल्या आजी मान हलवतात — घालावं म्हणे. आजी, ऐका तर.

समुद्रकाठी एक उड्डाण केंद्र. तिथं नाना उकिडवे. उपग्रह वर नेणारं रॉकेट त्यांच्या हाताखाली तयार झालं. माणूस घरी कमी, रॉकेटपाशी जास्त. उकिडवेकाकू म्हणायच्या, "सवत उभी केलीय, तीही चौदा मजल्यांची."

आणि नानांचा जावई शेखर, त्याच केंद्रात. त्याचं काम काय? रॉकेट वाट सोडून वस्तीकडे वळलं, तर बटण दाबून आकाशातच फोडायचं. पडद्यावर एक तांबडी रेषा — तिला रॉकेट टेकलं की दाबायचं. विचारायचं कोणाला नाही.

सासऱ्यानं घडवायचं, जावयानं फोडायचं. जावई म्हणजे दशमग्रह म्हणतात — हा तर सरकारनं नेमलेला! (हसा, हसा. तुमचेही जावई बसलेत इथं.)

पण तिथली एक रीत ऐका. बटणावर बसणाऱ्यानं उड्डाण होईस्तोवर रॉकेटवाल्यांच्या पंगतीला बसायचं नाही. चहासुद्धा नाही. का? तर मिठाला जागायची आपली जुनी खोड. खाल्लेलं अन्न बोटात उतरतं.

नाना विसरले. की मुद्दाम? बापाचं कोण सांगणार. उड्डाणाआधी लेकीच्या हाती मोदकांचा डबा धाडला. शेखरनं झाकणही उघडलं नाही.

लेक, ललिता, तडकली. "माझ्या बापाचं अन्न कडू लागतं तुम्हाला?"

"गोड लागतं. म्हणूनच भीती वाटते."

डबा परत. नाना म्हणाले, "जावयाला शिंगं फुटली." बोलणं बंद.

उड्डाणाचा दिवस. रॉकेट उठलं. नानांनी हात जोडले. आणि वर गेल्यावर — मान वाकडी. खालचा झोत एका बाजूला अडकला. रॉकेट किनाऱ्याकडे झुकू लागलं. किनाऱ्याला कोळीवाडा. बाया मासळी वाळत घालतायत, पोरं वाळूत.

शेखरची खोली वेगळी, मध्ये जाड काच. नाना धावत काचेपाशी. आवाज पलीकडे जात नाही, ओठ दिसतात — थांब, सरळ होईल तो. मी ओळखतो त्याला.

मंडळी, हे वाक्य कुठं ऐकलंय? आपल्याच घरात. "सुधारेल तो." प्रत्येक वाया गेलेल्या पोराच्या बापाचं हे शेवटचं वाक्य असतं.

शेखरनं सासऱ्याकडे पाहिलं. मग रेषेकडे पाहिलं. रॉकेट रेषेला टेकलं. दाबलं.

आकाशात नारिंगी फूल. मग धूर. तुकडे समुद्रात.

शेखर बाहेर आला. नाना भिंतीला टेकलेले.

"नाना, मला—"

"गप. मी बसलो असतो तिथं तर दाबलं नसतं. चल माझ्याबरोबर."

घेऊन गेले कुठं? कोळीवाड्यात. सासरा पुढं, जावई मागं. एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी.

"काय हो सायेब, तुमचं रॉकेट आज अर्ध्यातच फुटलं? कानठळ्या बसल्या. माझी कोंबडी अंड्यावरून उठली."

नाना हसायला गेले आणि रडू फुटलं. शेखरचा हात धरून म्हणाले, "बसवा, मावशी, परत बसवा कोंबडीला. या माझ्या जावयानं तुमचं अंगण राखलंय."

म्हातारी म्हणाली, "मग उभं का? बसा दोघं, सावलीत."

आता तुम्ही. तुमचा भाचा दारू पिऊन गाडी हाकतो — आपला पोरगा. तुमच्या जातीचा पुढारी शाळेची जागा गिळतो — आपला माणूस. तो रेषेला टेकला, रेषा ओलांडली, गावात घुसला, तरी तुम्ही काचेवर टकटक करताय — सरळ होईल तो. आणि तुमच्या मायेखाली चेंगरतो कोण? वाळूत खेळणारं दुसऱ्याचं पोर.

आजी, आता मान हलत नाही. बरं झालं. घरी जाल तेव्हा नातवाला जवळ घ्या, पाठीवर हात फिरवा. आणि त्याच हातानं त्याच्या गाडीची किल्ली काढून घ्या.