वायरमनची सही

चिकलठाण्याच्या दवाखान्यात माझ्या शेजारी करमाडचं जोडपं बसलं होतं, वायरमन बद्रीनाथ आणि सरूबाई. बद्रीनाथांना पेसमेकर बसवायचा होता. फॉर्मवर त्यांची सही तेवढी राहिली होती.

“सरू, हृदयात वायर नेनार म्हणतेत.”

“आधी शिरेतून वाकडी नळी नेतेत, मंग तिच्यातून वायर. डॉक्टरनं दाखवली की तुम्हाला.”

“दाखवली. वाकण झकास दिलंय. पण भलतीकडंच निघाली तर?”

“नळीचं तोंड पाहिजे तिथंच नेतेत. समोर टीव्हीवर दिसतंय त्यांना. तुमच्यावानी नाय, देशमुखांच्या घरी वायर ओढली अन् पंख्याचं बटन न्हाणीत निघालं.”

“त्या गवंड्यानं पाइप उलटा गाडला होता.”

“इथं गवंडी नाय. करा सही.”

“भिंत एका जागी राहती, सरू. हे हालतंय.”

“कुठं लई हालतंय? मिनिटाला पस्तीस ठोके. परवा चक्कर येऊन शिडीवरून माझ्या अंगावर पडलात. पुढच्या बारीला मी खाली नसले तर?”

बद्रीनाथांनी फॉर्म हातात घेतला.

“मंग डॉक्टरला एक सांग. वायर जोडायच्या आधी मेन स्विच बंद करायचा. आपला नियमच हाय.”

“आवं, तुमचा मेन स्विच म्हंजी हृदयच की. ते बंद केल्यावर मी घरी कुनाला नेऊ?”

“व्हय की.”

दोघं इतकी हसली, की सिस्टर बाहेर आली.

“काय झालं, आजोबा?”

“काय नाय. पेन द्या. अन् डॉक्टरला म्हणावं, चालू लाइनीवर काम हाय, जपून करा.”