तक्रारींचा तुटवडा

...आणि वर तो शेजारचा पोरगा मलाच विचारतो, 'काका, लिंक नुसती पुढे पाठवली, उघडली नाही, तर चालेल ना?' अरे, चालेल काय चालेल! जेवायला बोलावलं तर पत्ता दुसऱ्याला देऊन मोकळा! पण जाऊ दे. माझी तक्रार नाही हं, नुसतं सांगतोय. तुम्हाला म्हणून सांगतो, स्वतःची वेबसाईट काढणं सोपं आहे, मुलगी दोन दिवस माहेरी आली की काढून देते. पण त्या साईटवर माणूस आणणं... एक वेळ मांजराला आंघोळीला न्याल!

तुम्ही म्हणाल, या वयात हे कुठून सुचलं? सुचलं नाही हो, गळ्यात पडलं. मी एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारीच्या खिडकीत बसलो. सकाळी खिडकी उघडली की सुरू... 'नळाला पाणी नाही!' 'पाणी आहे, पण पिवळं!' 'पाणी आहे, स्वच्छ आहे, पण शेजाऱ्याचं बिल मला!' मी ऐकायचो, लिहून घ्यायचो, शिक्का मारायचो. आणि एक दिवस काय झालं? खिडकीच बंद! तिच्या जागी फोनवरची एक बाई आली, 'तक्रारीसाठी एक दाबा.' त्या बाईला जेवायची सुट्टी लागत नाही, मला लागायची, संपला विषय! मला एक घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही, त्याला घड्याळ! माझी तक्रार नाही, नुसतं सांगतोय.

तर घरी बसलो. आठव्या दिवशी बायको म्हणाली, 'अहो, तुम्ही दिवसभर घरात बसून माझ्या प्रत्येक कामावर शेरे मारताय. दादा म्हणत होता, त्याच्या दुकानात माणूस हवाय.' दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, माझा मेहुणा. त्याचं दुकान कसलं? नळ, बेसिन आणि कमोडचं! बरं, कामाची मला लाज नाही, पण हा मेहुणा प्रत्येक गिऱ्हाइकाला कमोड दाखवतो आणि म्हणतो, 'बसून बघा, मग ठरवा!' आणि स्वतःच हसतो. चौदा वर्षं झाली, तोच विनोद, तेच हसू! म्हणजे मी त्याच्या शेजारी स्टुलावर बसायचं आणि दिवसातून तीस वेळा हसायचं? मी म्हटलं, 'अगं, मी वेबसाईट काढतोय! जाहिराती येतील, घरबसल्या कमाई!' ती म्हणाली, 'सहा महिने. सहा महिन्यांत साईटचा पैसा या घरात दिसला नाही, तर सातव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला दादाच्या स्टुलावर.'

झालं! मुलगी म्हणाली, 'बाबा, जे येतं त्यावर लिहा.' मला काय येतं? तक्रार! म्हणजे ती ऐकली जाईल अशी कशी लिहावी, हे मला जेवढं कळतं तेवढं कोणालाच कळत नाही. अहो, आरडाओरडा करून काही होत नाही. एक पान, एक तक्रार, एक मागणी. कधीपासून, किती वेळा, काय उत्तर मिळालं, बस्स. माणूस चिडका असला तरी चालेल, कागद शांत हवा! साईटला नाव दिलं 'तक्रार-खिडकी'. पहिला लेख लिहिला, 'विषय ही ओळ कशी लिहावी'. घरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये त्रेपन्न माणसं! त्रेपन्नांचे अंगठे आले, आत्याने तर फुलं पाठवली, माझ्या थोरल्या बहिणीने लिहिलं, 'वा, फारच सुंदर लेख!' मी मोठ्या आनंदाने आकडा बघायला गेलो... भेट देणारे, तीन. त्यातला एक मी. दुसरा, बायकोच्या फोनवरून मीच. आणि तिसरा कोण, तर खिडक्यांचे पडदे शोधत आलेला! बंद करून पुन्हा उघडलं, पुन्हा बघितलं. पळसाला पानं तीनच!

मग काय, निघालो प्रचाराला. साईटचा पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या खिशात. लिफ्टमध्ये कोणी भेटलं की द्यायची चिठ्ठी, लोक जिना चढायला लागले! न्हाव्याकडे गेलो, तो म्हणाला, 'काका, आधी मान खाली घाला.' दातांच्या डॉक्टरीणबाईंना तोंडात नळी असताना पत्ता सांगितला, त्या म्हणाल्या, 'दुखतंय का?' औषधवाल्याने तर चिठ्ठी घेतली, उलटीसुलटी केली आणि आत जाऊन शोधून आला, 'हे औषध सध्या येत नाही!' माझी तक्रार नाही, नुसतं सांगतोय.

शेवटी मुलगी फोनवर म्हणाली, 'बाबा, उपदेश कोण वाचतं? खऱ्या तक्रारी करा, त्या साईटवर टाका, पुढे काय झालं ते लिहा.' मला पटलं. इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबायची, केली तक्रार. एक पान, एक मागणी. आठवड्यात लिफ्ट दुरुस्त! कोपऱ्यावरचा दिवा दोन वर्षं बंद होता, लागला! खड्डा बुजला, पाण्याच्या टाकीला झाकण आलं, बागेतला झोपाळा करकरायचा थांबला. साईटवर माणसं यायला लागली, वीस, चाळीस, एकदा तर सत्तर! मी हवेत! रस्त्यात लोक हात करायचे, 'काका, दिवा लागला बरं का!' अहो, एकतीस वर्षांत मला कोणी हात केला नव्हता. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण पाचवा महिना उजाडला आणि माझ्या लक्षात आलं... तक्रारी संपल्या! सगळं दुरुस्त! आपल्याच पायावर धोंडा! इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेलो, म्हटलं, 'साहेब, काही मोडलंय का?' ते हात जोडून म्हणाले, 'काका, तुमच्या धाकाने काही मोडतच नाही हो आता.' मी वही घेऊन दुसऱ्या वस्तीत हिंडायला लागलो. एका बागेत मोडका बाक सापडला. इतका आनंद झाला मला! अगदी प्रेमाने त्यावर बसलो, वही उघडली, 'विषय' एवढं लिहिलं... तर दोन सुतार आले, 'काका, जरा उठा, बाक दुरुस्त करायचाय.' मी म्हटलं, 'अहो, पण अजून तक्रार झाली नाही!' ते म्हणाले, 'मग चांगलंच की!' चांगलं? कोणाला चांगलं? लेख नाही तर माणसं नाहीत, माणसं नाहीत तर जाहिराती नाहीत... सत्तरचे परत अकरा झाले!

सहा महिने संपायला आठ दिवस राहिले आणि मेहुण्याचा फोन. 'भाऊजी, तुमच्यासाठी स्टुलाला नवीन गादी लावलीय. बसून बघा, मग ठरवा!' आणि हसला. मी फोन ठेवला आणि कोऱ्या कागदासमोर डोक्याला हात लावून बसलो. दुपारची वेळ. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, 'काय झालं?' मी म्हटलं, 'अगं, संपलं सगळं. जगात तक्रारच उरली नाही.'

तिच्या हातातली घडी थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. आणि अशी हसायला लागली, अशी हसायला लागली, की पलंगावर बसली, डोळे पुसले, पुन्हा हसली... मग माझ्यापुढचा कागद ओढला आणि लिहायला लागली. एकदाही थांबली नाही. वाचू? पाठच झालंय मला.

'प्रति, तक्रार-खिडकी. विषय: पलंगावर टाकला जाणारा ओला टॉवेल. महोदय, आमच्या घरातील एक गृहस्थ, वय अठ्ठावन्न, आंघोळीनंतर ओला टॉवेल पलंगावर, तोही माझ्या बाजूला टाकतात. हा प्रकार सत्तावीस वर्षं चालू आहे. तोंडी तक्रारी: अंदाजे नऊ हजार. मिळालेलं उत्तर: हो हो, उचलतो. मागणी एकच: दोरी गॅलरीत आहे, ती संबंधितांना दाखवण्यात यावी. आपली नम्र, गादीच्या ओल्या बाजूला झोपणारी.'

एक पान! एक तक्रार! एक मागणी! काना-मात्रा बदलायला जागा नाही! एकतीस वर्षांत इतका शांत कागद माझ्या खिडकीत आला नव्हता हो! आधी मला राग आला. मग लाज वाटली. आणि मग लक्षात आलं, ही बाई नऊ हजार वेळा बोलली आणि मी एकदाही ऐकलं नाही, आणि आज कागद घेतला तो माझी जिरवायला नाही, मला तिच्याच भावाच्या स्टुलावरून वाचवायला. मला भरूनच आलं. ती म्हणाली, 'रडताय काय? टाका की साईटवर!'

टाकली. संध्याकाळपर्यंत चारशे! दुसऱ्या दिवशी नऊ हजार! म्हणजे सत्तावीस वर्षांत तिने जितक्या वेळा सांगितलं, तितके लोक एका दिवसात ऐकून गेले! लेखाखाली प्रतिक्रियांमध्ये बायकांची रांग... 'ताई, घरोघरी मातीच्या चुली!' 'ताई, आमचे तर खुर्चीवर टाकतात!' 'ताई, पुढची तक्रार कधी?' माझी थोरली बहीण, जिने सहा महिन्यांत एक लिंक उघडली नव्हती, तिचा फोन, 'वहिनीचं अगदी बरोबर आहे, लहानपणापासून असाच आहेस तू!' मग दुसरी तक्रार आली, 'विषय: पाच मिनिटांत आलो'. मग तिसरी, 'विषय: रिकामी बाटली फ्रीजमध्ये परत ठेवणे'. न्हाव्याकडे गेलो, तो मला विचारतो, 'काका, टॉवेल कुठे ठेवू? आमच्याकडे पलंग नाही!' सगळं दुकान हसतंय, आणि मीही हसतोय, करतो काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार! पण माझी तक्रार नाही, नुसतं सांगतोय.

आणि जाहिराती आल्या! साबणाच्या, गाद्यांच्या, कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या! महिनाअखेरीला पैसे आले, खरे पैसे, बायकोने दोनदा चष्मा पुसून बघितले. मेहुणा मला न्यायला म्हणून आला होता, तो दारातच घुटमळला, 'भाऊजी, दुकानाचं राहू द्या... हिच्या तक्रारीशेजारी माझ्या नळांची जाहिरात बसेल का?' मी खुर्ची पुढे केली आणि म्हटलं, 'बसून बघा, मग ठरवा!' काय सांगू तुम्हाला, तो विनोद मला जन्मात पहिल्यांदा आवडला!

आता तुम्ही म्हणाल, सुधारावं की माणसाने. सुधारलो ना! गेल्या सोमवारी टॉवेल दोरीवर घातला, चिमटासुद्धा लावला. बाटली भरून ठेवली. पाच मिनिटांत येतो म्हणालो आणि चौथ्या मिनिटाला हजर! मला वाटलं, ही खूश होईल. तर हिचा चेहरा एवढासा झाला. 'अहो, हे काय चालवलंय तुम्ही? मी लिहू काय? दोन दिवस झाले, साईटवर नवीन काही नाही, लोक विचारताहेत! घर चालवायचंय ना आपल्याला?' आज सकाळपासून वही-पेन घेऊन माझ्या मागे. 'काही केलंत का?' म्हटलं, 'अगं, सुचत नाहीये.' तर पाठीवरून हात फिरवून म्हणते, 'बसा शांत. सुचेल. तुमच्यात आहे ते.'

तेव्हा चला, येतो मी. घरी फरशी आत्ताच पुसून झालीय, ती वाळायच्या आत चपला घालून एक चक्कर मारायचीय. पोटापाण्याचा प्रश्न आहे हो!