सासूबाईंची गच्ची

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या. एकीच्या सासूबाई आत तपासायला गेल्या होत्या.

"अजून गच्चीवर भाज्या लावतात त्या?"

"लावतात म्हणजे काय, वर्षभर टोमॅटो विकत आणलेला नाही आम्ही."

"अगं, पण दिसतं कुठे त्यांना?"

"उजेड-अंधार तेवढा कळतो. पडतील-बिडतील म्हणून हे कुंड्या काढायलाच निघाले होते. तर त्यांनी दारापासून टाकीपर्यंत दोरी बांधून घेतली. ती धरून जातात आणि एकेक पान चाचपतात. परवा म्हणाल्या, वांग्याला कीड लागलीय. मी डोळे फाडून पाहिलं, काही दिसेना. पान उलटलं, तर खाली अळी."

"कमाल आहे बाई."

"मी तण समजून कोवळी कोथिंबीर उपटली, तर हाताच्या वासावरून पकडलं मला."

तेवढ्यात सासूबाई भिंतीला हात लावत बाहेर आल्या.

"काय म्हणाले डॉक्टर, आई?"

"उरलाय तो उजेडही जाईल म्हणाले, वर्षभरात."

सुनेने पुढे होऊन त्यांचा हात धरला.

"गप्प का झालीस? जाताना काकडीचं बी घेऊ. वेल चढवायला मात्र तू लागशील, माझा हात तिथवर पोचत नाही."