कुत्रं बांधायचं न्हाय

— म्हंजी शेवटी मलाच सांगाया लावणार तुमी. चावडीवर कुणीतरी म्हणलं असंल, धुळाप्पाला इचारा, त्यानं उभी हयात कड्यावर लोंबकळून मोहोळं काढली. म्हणणारा बसला तिथंच तंबाखू चोळत, अन् घसा कोरडा करायचा ह्या म्हाताऱ्यानं. बसा. मधी नगा, बाज खाली जाती, कडंला बसा. आन् त्यो कागुद मला कशाला दाखवता? माझी दुसरी यत्ता, ती बी निजामाच्या वक्ताला, उर्दूत. तुमीच वाचा परत. सहा जण, दोन तंबू, शनवार-आयतवार, दसऱ्याच्या फुडं. दोर घिऊन कडा चढायचा. कशाला? न्हाय, वर काय हाय? मध काढायचा न्हाय, शेरडू अडकलं न्हाय, मग? नुसतं चढायचं. सोलापुरात जिनं न्हाईत व्हय मास्तर? बरं, ऱ्हाऊ द्या, पोरांना कसरत शिकवता तुमी, तुमचा धंदाच हाय त्यो. अन् सातवं हे. काय म्हणलात, टायगर? असू द्या टायगर. त्याची साखळी काढा आदी. काढा म्हणतो ना. कुटं जातंय ते — बगा, माझ्याच पायावर येऊन पडलं. ह्यांना कसं कळतं कुणास ठावं.

ऐका आता, एकदाच सांगतो. पुनवंच्या दिसात यायचं न्हाय, तवा समदं सोलापूर तुळजापूरला पायी निघतं, एस्ट्या बी तिकडंच, कुत्र्याचं सोडा, तुमाला जागा घावायची न्हाय. तंबू बोरीच्या पात्रात मारायचा न्हाय. वाळू मऊ दिसती म्हणून शहरातली माणसं तिथंच पडत्यात, अन् आश्विनात वर कुटं पाऊस झाला की नदी हातरुणात येती. वर माळावर चिंच हाय, तिथं पडा. माळावर कुसळ वाळलंय, ते कुत्र्याच्या कानात शिरतं, मग ते डोकं झाडून झाडून येडं हुतं — सांजच्याला कान बघायचं, बोटांच्या फटी बघायच्या. काळा दगड दुपारी तव्यागत तापतो, तुमच्या पायात बूट हायत, त्याच्या न्हाईत. वर पाणी न्हाय, त्याची घागर येगळी न्या. अन् रातीला तंबूत घ्या त्याला. लांडग्याला कुत्रं लई आवडतं — खायाला. आत सूप वाजतंय न्हवं, ती आमची तुळजाबाई ज्वारी पाखडाया लागलीय, हुईल इतक्यात अन् च्या टाकंल. गावातलं समदं तिला ऐकू येतं, फक्त माझंच येत न्हाय.

दोर कोण धरणार वर? कोण? महांतप्पा? काय म्हणला त्यो? — "धुळाप्पा येत आसंल तर म्या दोर धरतो." असं म्हणला? सवताच्या तोंडानं? म्हंजी चावडीवरचा तंबाखू चोळणारा त्योच. मग तुमी कड्यासाठी आला न्हाय, तुमाला धाडलंय. अकरा वर्सांनी आठवण झाली अन् मधी घातला कोण, तर परगावचा मास्तर. हालू नगा, कुत्रं झोपलंय.

तुमाला म्हाईत न्हाय म्हणून सांगतो. मोहोळाचा दोर बायकूच्या भावानं धरायचा, दुसऱ्या कुणी न्हाय. सख्खा भाऊ बी न्हाय — भावाभावात शेताचा बांध आसतो. मेव्हणा दोर सोडत न्हाय, सोडला तर त्याचीच भैन रंडकी हुती. वरच्यानं बोलायचं न्हाय, खायाचं न्हाय, बिडी वडायची न्हाय, खालचा वर येईस्तवर. महांतप्पा आमच्या तुळजाबाईचा पाठचा भाऊ. नऊ वर्सं त्यानं माझा दोर धरला, एक डाव हात हालला न्हाय त्याचा, खोटं कशाला बोलू.

पोलीस ॲक्शन झाली त्याच्या तिसऱ्या सालची गोष्ट. असंच दिस, दसरा झालेला. शिपाई म्हणून कुत्रं हुतं माझं, तांबडं, एक कान मोडका. ते कवा मागं ऱ्हात नसं. एकदा माझ्या मागं कड्यावरनं उडी टाकून टप्प्यावर आलं हुतं बेवकूफ. म्हणून त्या दिशी म्या त्याला वर झाडाला बांधलं. दोर ज्या झाडाला, त्याच झाडाला. सरकगाठ मारली, टोक वढलं की सुटती. घोंगडी पांघरून, धुरासाठी पेटत्या गवताची चूड घिऊन खाली उतरलो. दिस कलला हुता. अन् मोहोळ उठलं. का उठलं? महांतप्पानं वर बिडी पेटवली म्हणून उठलं. आग्या माशीला त्यो वास खपत न्हाय. म्या तवाच चावडीवर सांगितलं, समद्या गावाला ठावं हाय. त्यो म्हणला कुत्रं भुकलं म्हणून उठलं. मुक्या जनावरावर घालून मोकळा. त्यो पळाला नदीकडं. पळू दे, आग्या मोहोळापुढं कोण बी पळंल, त्याचा राग न्हाय मला. दोर बी जाग्यावर हुता, तसाच ताठ. पर झाडापाशी त्यो उभा हुता मास्तर, हाताच्या अंतरावर. कुत्र्याच्या गाठीचं एक टोक वढायचं हुतं. एक. म्या खाली कपारीत घोंगडीत गुंडाळून बसलो अन् ऐकत हुतो — आदी भुकणं, मग येगळंच काय तर, मग काय न्हाय. वर आलो तवा ते सुजून पडलेलं, त्याचा मोडका कान कंचा ते बी कळंना.

त्या दिवाळीपासनं ही भावाला ववाळाया गेली न्हाय. म्याच जाऊ दिली न्हाय. म्हणलं, आदी त्यानं येऊन म्हणावं, बिडी माझीच हुती. अकरा भाऊबिजा. ताट करती, झाकून ठिवती, सकाळी म्हशीला घालती. आता ह्या भाऊबीजेला जाऊ का म्हणून इचारलं तिनं परवा. म्या उठून म्हशीला वैरण टाकाया गेलो. काय बोलायचं? त्याचाच कसूर हाय. कुत्र्याचा काय कसूर, सांगा तुमी? ते तर तवर चुप बसलं हुतं, माझ्याकडं वाकून बघत. वारा फिरला, धुराची चूड हातातनं निसटली ती जळती जाऊन मोहोळावरच बसली, मग त्यात कुत्र्यानं काय —

व्हय. चूड. निसटली. हाताला घाम हुता. बिडीचं — बिडी त्यो वडायचाच की एरवी. त्या दिशी वडली नसंल. म्या खाली हुतो, मला वरचं कुटं दिसत हुतं? कुणी इचारलं न्हाय, म्या बी... असं बघू नगा माझ्याकडं. तुमी कसरतीचं मास्तर, कोतवाल न्हाय.

— सूप का थांबलं?

तुळजाबाई? झाली का गं ज्वारी पाखडून? अर्धं पोतं हुतं, इतक्यात कशी हुईल. अगं ए —

उठा मास्तर. च्या न्हाय आज. कागुद घ्या तुमचा, ह्याला उठवा माझ्या पायावरनं. कडा चढा न्हायतर चढू नगा, म्या येत न्हाय. दोर त्याच्या हातात द्या, सोडायचा न्हाय त्यो, एवढं इमान हाय त्याच्यात. पर कुत्रं बांधायचं न्हाय, ऐकलं? अन् भेटला तर त्याला सांगा — न्हाय, काय सांगू नगा. बिडीचं ऱ्हाऊ द्या. एक टोक वढायचं हुतं, हाताच्या अंतरावर हुता. माफी त्यानंच मागायची ऱ्हायलीय अजून. महांतप्पानं.