गंगाधरपंतांनी न वाचलेले पान

सन्माननीय अध्यक्ष शामराव, व्यासपीठ म्हणून जोडलेल्या दोन पलंगांवर जपून बसलेले पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती गंगाधरपंत आणि गॅलरीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या वाडीकर बंधुभगिनींनो,

मागचा फलक परवाच्या सभेचा आहे. मुंबई आम्हाला मिळालीच पाहिजे, ही मागणी कायम आहे. पण आज आपण जमलो आहोत ते एक मुंबईकर रत्नागिरीला देऊन टाकण्यासाठी.

पंतांनी उभा जन्म छापखान्यात मुद्रिते तपासली. लग्नपत्रिका हाती आली, तर मुहूर्ताआधी अनुस्वार बघणार. मी लेखांतून ज्यांची टिंगल केली ते लोक ती विसरले. पंत माझे ऱ्हस्व-दीर्घ विसरले नाहीत. छापलेल्यापलीकडे एक अक्षर वाचायचे नाही, असा हा माणूस.

यंदा जानेवारीत संचारबंदी लागली. घरात कोंडलेल्या माणसांनी करावे काय? पंतांनी गॅलरीत खुर्ची टाकली आणि वाचनालयाची एक कादंबरी मोठ्याने वाचायला घेतली. संचारबंदी उठली, वाचन चालूच राहिले. आत पंतांच्या मीराबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना ऐकू जावे म्हणून दार उघडे असे.

आता पंत, रागावू नका. आज सांगतोच. त्या कादंबरीतली नायिका मध्यावरच तापाने मरते. मी त्या कादंबरीचे परीक्षण लिहिले होते. म्हणजे निदान मध्यापर्यंत वाचली होती. ते पान आले. पंत थांबले. चष्मा पुसला. आतून मीराबाईंनी विचारले, "अहो, मग? उतरला का हो तिचा ताप?"

पंतांनी पान उलटले. म्हणाले, "उतरला. पेज मागितलीन."

माझ्यासारखा फटकळ माणूस, पण तोंड उघडले नाही. त्यानंतर ती नायिका रोज संध्याकाळी जगत राहिली. लोणची घातली, नणंदेशी भांडली, देवीला जाऊन आली. पुस्तक संपले, तरी पंत पुन्हा पहिल्यापासून पाने उलटत होते. एकदा शेजारच्या शेवंतीबाईंनी मला हळूच विचारले, "काय ओ भावोजी, पुस्तक दिवसेंदिवस जाड होतंय काय?"

मी म्हटले, "वहिनी, दुसरी आवृत्ती आहे. वाढवलेली."

त्या हसल्या नाहीत. पदर डोळ्यांना लावून पुढे ऐकू लागल्या.

श्रावणात मीराबाई गेल्या. गॅलरीत पुन्हा खुर्ची आली नाही. नायिकेचे पुढे काय झाले, हेही कुणी विचारले नाही.

आणि आपल्या समितीने पंतांना आवडते म्हणून, भेट द्यायला नेमके तेच पुस्तक आणले! सीतारामभाऊ, मान खाली घालू नका. तुम्हाला काय ठाऊक? मला मघाशी कळले, तोवर दुकान बंद झाले होते.

मग मी एवढेच केले. प्रत नवी आहे, पाने अजून कडेला न कापलेली, जोडलेलीच आहेत. मध्यापर्यंतची मी चाकूने मोकळी केली. पुढची तशीच ठेवली आहेत. पंत, रत्नागिरीत ललिताच्या ओटीवर खुर्ची टाका आणि तिथवर वाचा. पुढचे लेकीला सांगा; तिच्या आईने ऐकले तसे.

अध्यक्षांचे, समितीचे आणि पलंग देणाऱ्यांचे आभार. बोलण्यात चुका राहिल्या असतील. त्या सुधारणारा माणूस उद्याच्या बोटीने चालला आहे; तेव्हा यापुढे आपणच सांभाळून घ्या.