आखूड तुकड्यांचा वाक

दीनानाथ : म्हणजे पेपर मागे घेतलास? छापून यायच्या आधीच?

तनया : हो बाबा. सकाळीच मेल केली.

दीनानाथ : आणि मी कोथरूडभर सांगत फिरलो, आमच्या मुलीने जगाचं मॉडेल खोटं पाडलं म्हणून.

तनया : मी नको म्हणत होते ना सांगायला!

दीनानाथ : चुकलं काय ते तरी कळू दे. मराठीत.

तनया : डीएनए म्हणजे एक बारीक तार समजा. जवळून पाहिली तर ताठ; लांब तुकडा घेतला तर पाण्यातल्या धक्क्यांनी वेडीवाकडी. किती लांबीपर्यंत ती आपली दिशा धरून राहते, त्या एका आकड्यावर सगळं मॉडेल चालतं.

दीनानाथ : पुढे.

तनया : त्या हिशोबाने आखूड तुकडा वाकून त्याची दोन टोकं जुळणं फार अवघड. माझ्या नळीत मात्र भराभर कड्या होत होत्या. मला वाटलं, तार मॉडेलपेक्षा मऊ आहे.

दीनानाथ : आणि नव्हती.

तनया : टोकं सांधायला एन्झाइम घालतो, ते माझ्याकडून जास्त पडत होतं. टोकं चुकून भेटली तरी ते लगेच जोडून टाकायचं. कमी घातलं, तर कड्याही कमी. मॉडेल बरोबरच होतं.

दीनानाथ : कोणी पकडलं?

तनया : कोणी नाही. मीच परत करून बघितलं.

दीनानाथ : वा! जर्मनीची फेलोशिप त्याच पेपरवर होती ना?

तनया : होती.

दीनानाथ : आपण हरिश्चंद्राच्या घराण्यातले, हे मला आज कळतंय.

तनया : बाबा, राजसचा अर्धा थीसिस माझ्या आकड्यांवर उभा आहे. गोंदियाचा तो, माझा ज्युनिअर. मऊ तार धरून तो वर्षभर सिम्युलेशन चालवतोय. गप्प बसले असते, तर पुढेही चालवत बसला असता.

दीनानाथ : त्याला सांगितलंस?

तनया : सगळ्यांत आधी. ‘बरं, ताई’ म्हणाला, कम्प्युटर बंद केला आणि निघून गेला. डबा तसाच टेबलावर.

(दीनानाथ टीव्ही बंद करतात.)

दीनानाथ : राहतो कुठे?

तनया : कसबा पेठेत, खोली घेऊन.

दीनानाथ : फोन लाव. म्हणावं, आमच्याकडे जेवायला ये.

तनया : नाही यायचा. चिडलाय माझ्यावर.

दीनानाथ : मग म्हणावं, चिडूनच ये.